पडदा हिरवा होता

चिंगीला ऑफिसात कुणी चिंगी म्हणत नसे. तिथे ती मॅडम होती आणि मॅडम म्हणून तिचा बऱ्यापैकी दरारा होता. पण घरी, आणि डोंगराखालच्या त्या बोगद्यावर बाबांच्या तोंडी, पस्तिशी ओलांडली तरी ती चिंगीच. बोगद्यावरचे मुकादम तिचे बाबा होते, आणि बाबांनी एकदा ठेवलेलं नाव बदलण्याची हिंमत घरात कुणालाच नव्हती.

डोंगरापलीकडचं पाणी अलीकडच्या शहरात आणायचं म्हणून तो बोगदा खणला जात होता. बोगद्यात भीती दोन. एक वरून दगड कोसळण्याची आणि दुसरी हवेची. दगड निदान दिसतो, आवाज करतो, शिवी घालायला तरी सापडतो. खडकातून झिरपणारा गॅस दिसत नाही, त्याला वास येत नाही. माणसाला नुसती सुस्ती येते, जरा टेकावंसं वाटतं, आणि टेकलेला माणूस पुन्हा उठत नाही. म्हणून बोगद्याच्या भिंतीवर थोड्या थोड्या अंतराने पेट्या टांगल्या होत्या. हवेत काय आहे ते मोजायचं, मोजलेले आकडे एका छोट्याशा फाइलीत भरायचे आणि ती फाइल तारेवरून बाहेर पाठवायची, एवढंच त्या पेट्यांचं काम. बोगद्याच्या तोंडाशी एक खोली होती. तिथल्या कॉम्प्युटरवर या फायली येऊन पडत. एक प्रोग्राम त्या उघडून वाचे आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक पेटीचा एकेक चौकोन रंगवी. हवा चांगली तर हिरवा, बिघडू लागली तर पिवळा, आणि लाल झाला की भोंगा.

हा प्रोग्राम चिंगीने लिहिला होता. तसा तो कंपनीचा होता, पण फायली वाचणारा भाग, म्हणजे सगळ्याचं काळीज, तिच्या एकटीच्या हातचा.

पडदा लागायच्या आधी मुकादम हातात मीटर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालत. पडदा आला आणि हातातले मीटर स्टोअरमध्ये गेले. "एका घराला दोन दोन राखणदार कशाला?" असं म्हणून मुकादमांनी स्वतःच ते पाठवून दिले. खरं कारण निराळं होतं. पोटच्या पोरीने केलेली वस्तू आपण मीटर लावून तपासायची, हे त्यांना चारचौघांत लेकीचा अपमान केल्यासारखं वाटे. बाप म्हणून ही गोष्ट गोड आहे. मुकादम म्हणून ती घोडचूक होती, पण तेव्हा तसं म्हणणारा कुणी नव्हता. सगळे कौतुकात होते.

आता त्या प्रोग्रामची खोड सांगितली पाहिजे, कारण ती कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला एक आकडा असे: आत किती नोंदी आहेत. प्रोग्राम तो आकडा वाचायचा, तेवढ्या नोंदींना पुरेल इतकी जागा कॉम्प्युटरच्या मेमरीत अडवायचा आणि मग एकेक नोंद उतरवून घ्यायचा. आकडा खरा आहे का, फाइल खरोखर तेवढी मोठी आहे का, हे तो बघत नसे. दारात आलेल्या माणसाने "आम्ही हजार जण आहोत" म्हणावं आणि घरधनिणीने त्याच्या पाठीमागे नजरही न टाकता हजार पानं मांडायला घ्यावीत, तसा प्रकार. पाठीमागे कुणीच नसलं तरी घर पानांनी भरून जाईल आणि घरच्यांनाच उभं राहायला जागा उरणार नाही.

हे चिंगीला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. प्रोग्रामांमधल्या खोडी शोधत बसणं हा काही माणसांचा छंद असतो. हाच प्रोग्राम दुसऱ्या एका ठिकाणी बसवलेला होता आणि तिथली एक फाइल अशाच एका छांदिष्टाच्या हाती लागली होती. त्याने तिच्यातला पहिला आकडा वाढवून अफाट केला आणि फाइल प्रोग्रामला खायला घातली. प्रोग्राम जागच्या जागी मेला. त्या परक्या माणसाने चिंगीला मेल लिहून हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं, भाषाही सभ्य होती.

चिंगीने उत्तर दिलं, "आमच्या फायली बाहेरून येत नाहीत. आमच्याच पेट्या त्या तयार करतात. आपल्याच घरातल्या माणसावर कुणी पहारा ठेवत नाही."

त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: "आणि घरातलं माणूस तापात बरळायला लागलं तर?"

चिंगीला हसू आलं होतं. हुशार आहे लेकाचा, असंही ती मनात म्हणाली होती. मग तिने ते काम सवडीने करायच्या कामांत ढकललं. सवड अशी गोष्ट आहे की ती मागून कधी कुणाला मिळाली नाही.

दुसरी एक गोष्ट बोगद्यावरच्या माणसांनी करून ठेवली होती. मागे एकदा सरकारी तपासणी झाली तेव्हा मधल्याच काही नोंदी सापडेनात. बोगद्यावरच्या साहेबांची नाचक्की झाली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. साहेबांनी नियम काढला की वाचून झाल्याशिवाय एकही फाइल बाजूला टाकायची नाही, आणि जी आधी आली तीच आधी वाचायची. नियम चांगला होता. चिंगीने तो प्रोग्राममध्ये इमानेइतबारे घातला. प्रोग्राम काही कारणाने बंद पडला तर त्याला आपोआप पुन्हा उठवणारा एक पहारेकरी प्रोग्रामही तिने बसवला. उठला की तो न वाचलेली सगळ्यांत जुनी फाइल आधी घेई. सगळं कसं चोख होतं.

त्या दिवशी जेवायची वेळ झाली होती. चिंगीने डबा उघडला, आणि घास घेता घेता सहज म्हणून बोगद्यावरच्या कॉम्प्युटरची तब्येत पाहिली. मेमरी भरत होती, काठोकाठ भरून एकदम रिकामी होत होती, आणि पुन्हा भरत होती. धापा टाकणाऱ्या छातीसारखी मेमरी दाखवणारी रेघ वर-खाली होत होती. पहारेकरी प्रोग्रामला उठवत होता, प्रोग्राम मरत होता, पहारेकरी परत उठवत होता. आणि हे सकाळपासून चाललं होतं.

तिने घास तसाच डब्यात ठेवला आणि बोगद्यावरच्या खोलीत फोन लावला. पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला सगळे पडदेवाला म्हणत. त्यानेच उचलला.

"पडद्यावर काय दिसतंय?"

"हिरवंगार, मॅडम. एकदम निवांत. तुमच्या पडद्याला नजर लागू नये."

"घड्याळ चालू आहे?"

"कोपऱ्यातलं? हो, चालू आहे की. टिकटिक चाललीय."

कोपऱ्यातलं घड्याळ कॉम्प्युटरचं होतं, ते चालणारच. चौकोन रंगवणारा भाग वेगळा होता. नवं काही हाती येईपर्यंत त्याने शेवटचा रंग तसाच धरून ठेवायचा, असं तिने ठरवलं होतं, कारण मधेच चौकोन विझले की माणसं उगाच घाबरतात. आत वाचणारा सकाळीच मेला होता आणि बाहेर त्याने शेवटचा काढलेला हिरवा रंग तसाच चमकत होता.

तिने अडकलेली फाइल शोधली. शेवटच्या पेटीची होती, बोगद्याच्या अगदी टोकाला, जिथे खणणं चालू होतं तिथल्या पेटीची. सुरुवातीच्या आकड्याकडे पाहून तिला कळायचं ते कळलं. इवल्याशा फाइलीच्या डोक्यावर अब्जावधी नोंदींचा आकडा होता. पेटी बिघडली होती आणि बिघडता बिघडता तिने काहीतरी खरडून पाठवून दिलं होतं.

पेटी का बिघडली असेल, हा विचार तिच्या मनात आला. पेटी धुळीने बिघडत नाही, हादऱ्याने बिघडत नाही. तिला एकाच गोष्टीचं वावडं, आत शिरलेल्या पाण्याचं. म्हणजे टोकाला खडकातून पाणी फुटलं होतं. आणि अशा खडकात पाणी एकटं येत नाही, येताना गॅस घेऊन येतं.

तिने साहेबांना फोन लावला. "साहेब, बोगदा रिकामा करा. आत्ताच्या आत्ता."

"गॅस आहे?"

"माहीत नाही."

"पडदा काय म्हणतोय?"

"पडदा सकाळचं सांगतोय, साहेब. आत्ताचं कुणालाच माहीत नाही."

साहेब काही दुष्ट माणूस नव्हता. गेल्या महिन्यात भोंगा दोनदा खोटा वाजला होता, दोन्ही वेळा सगळं काम थांबवून त्याला वरच्यांची बोलणी खावी लागली होती. तो म्हणाला, "हे बघा, प्रोग्राम बिघडला म्हणजे हवा बिघडली असं होत नाही ना? तुम्ही प्रोग्राम दुरुस्त करा. लाल दिसलं की मी बाहेर काढतोच सगळ्यांना."

"साहेब, माहीत नाही म्हणूनच तर..."

"मॅडम, 'माहीत नाही'वर मी काम कसं थांबवू?"

त्याने फोन ठेवला. चिंगीने पुन्हा पडदेवाल्याला लावला. "आतल्या फोनवर बाबांना घे आणि मला जोडून दे."

"मॅडम, साहेबांना विचारल्याशिवाय..."

"अरे, तुझा भाऊ पण आतच आहे ना?"

मग खटके ऐकू आले, आणि मागे घरघरणाऱ्या पंख्यांच्या आवाजात बाबांचा आवाज आला.

"काय गं चिंगे? आई बरी आहे ना?"

"बाबा, सगळ्यांना घेऊन बाहेर या."

"का? काय झालं?"

"आत गॅस असेल."

"असेल म्हणजे? पडदा बघूनच सकाळी शिरलोय मी. लख्ख हिरवा होता. तू घाबरू नकोस. लांब बसलं की असं होतं माणसाला."

बाबा तिची समजूत घालत होते. लहानपणी वीज कडाडली की घालायचे, त्याच आवाजात. चिंगीला रडू कोसळायचं बाकी राहिलं. तिनेच केलेल्या पडद्यावर या माणसाचा इतका विश्वास बसला होता की खुद्द तिच्यावर विश्वास ठेवायला त्याच्याकडे जागा उरली नव्हती.

"बाबा, ऐका. पडदा खोटा आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. माझा प्रोग्राम सकाळीच मेलाय. एक नासकी फाइल आली आणि ती वाचतानाच त्याने जीव सोडला. मला एका माणसाने आधीच सांगितलं होतं हे असं होईल म्हणून. मी ऐकलं नाही. बाबा, माझं चुकलंय. तो हिरवा रंग बघू नका. तो आत्ता कुणी काढलेला नाही."

मग बाबा म्हणाले, "शेवटच्या पेटीचं काय?"

"तीच बिघडलीय. बहुतेक पाणी शिरलंय."

आता त्यांचा आवाज पूर्ण बदलला. तो बापाचा राहिला नाही, मुकादमाचा झाला. "पाइपवाला लंबू आणि वेल्डर टोकाला आहेत," ते म्हणाले. "तिकडे फोन पोचत नाही." आणि रिसीव्हर तसाच लोंबकळत सोडून ते निघून गेले. चिंगीला त्यांची हाक ऐकू आली, मग बऱ्याच बुटांचा आवाज, मग नुसते पंखे.

तिने ती फाइल उचलून बाजूला टाकली. नियम मोडला. क्षणात प्रोग्राम उठून उभा राहिला आणि मागे तुंबलेल्या सगळ्या फायली त्याने एका दमात वाचून टाकल्या. तिने बोगद्याच्या पडद्याची नक्कल आपल्या कॉम्प्युटरवर उघडली. टोकाच्या पेटीचा चौकोन तसाच हिरवा राहिला, कारण ती पेटी मेलीच होती. तिच्या अलीकडचा लाल झाला. त्याच्या अलीकडचा लाल झाला. त्याच्या अलीकडचा पिवळा. फोनमधून भोंगा ऐकू आला. चिंगी त्या लाल चौकोनांकडे बघत राहिली. वाचून झालेल्या नोंदी आता तिच्यासमोर होत्या आणि त्या काही लपवत नव्हत्या. सकाळची पाळी टोकाशी पोचायच्या आधीच अलीकडच्या पेटीजवळची हवा बिघडलेली होती. प्रोग्राम जिवंत असता तर भोंगा तेव्हाच वाजला असता आणि टोकाकडे कुणी पाऊलही टाकलं नसतं.

ती गाडी काढून बोगद्यावर पोचली तेव्हा तोंडाशी माणसांची गर्दी होती. बाबा गर्दीच्या पुढे, बोगद्याकडे पाठ करून दोन्ही हात पसरून उभे होते. आतली माणसं त्यांनी बाहेर आणली होती. टोकाचे दोघे आले नव्हते. बाकीच्यांना त्यांच्यासाठी परत आत शिरायचं होतं आणि मुकादम कुणाला जाऊ देत नव्हते. पडदेवाल्याचा भाऊ त्यांच्या अंगावर धावून गेला. "लंबू माझा मित्र आहे, मुकादम! सोडा मला!"

"नाकावर मास्क असलेला माणूसच आत जाईल," बाबा म्हणाले. "तू गेलास तर दोनाचे तीन होतील."

"तुम्हाला काळीज आहे का नाही?"

बाबांनी पसरलेले हात खाली केले नाहीत.

बचाव पथक मास्क लावून आत गेलं. वेल्डरला आणलं तेव्हा त्याचा श्वास चालू होता. त्याला गाडीत घालून नेलं, आणि पुढे तो वाचला. लंबूला आणलं तेव्हा कुणी धावाधाव केली नाही. लंबू पाइप जोडणारा होता, इतका उंच की बोगद्यात सदा वाकून चालायचा. स्ट्रेचरवरून त्याचे पाय बाहेर आले होते. बाबांनी पुढे होऊन आपलं जाकीट काढलं आणि त्याच्या पायांवर घातलं.

मग चौकशी झाली. चौकशीत सगळे सभ्यपणे बोलले. पेटीत पाणी शिरलं, पेटीने खराब फाइल पाठवली, हे सगळ्यांना पटलं, कारण पेटी काही बोलणारी नव्हती. चिंगीचे वरिष्ठ तिला बाजूला घेऊन म्हणाले, "पेटीनंच खोटं सांगितलं, त्याला आपण काय करणार? तुम्ही मनाला लावून घेऊ नका." चिंगी म्हणाली की चूक आपल्या प्रोग्रामची आहे आणि तसं लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं, पण इतक्या गुळगुळीत शब्दांत की वाचणाऱ्याला वाटावं, चूक आभाळातून पडली.

प्रोग्राम तिने त्याच दिवशी दुरुस्त केला होता. फाइलीच्या डोक्यावरचा आकडा फाइलीच्या लांबीशी ताडून बघायचा. जुळला नाही तर फाइल बाजूला ठेवायची, पुढची घ्यायची आणि पडद्यावर सांगायचं की या पेटीचं काही कळत नाही. एवढंच. समोरचा चहा निवायच्या आत झालं काम. झाल्यावर ती ते काही वेळ बघत बसली. इतकं लहान काम होतं म्हणून तिला जास्त लागलं. मोठं असतं तर जमलं नाही असं तरी म्हणता आलं असतं.

त्या परक्या माणसालाही तिने मेल लिहून झालेलं सगळं सांगितलं. त्याचं उत्तर आलं नाही. बरोबरच होतं, तो तरी काय लिहिणार?

या सगळ्या दिवसांत बाबा तिच्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. जेवत होते, आईशी दोन शब्द बोलत होते, खिडकीशी बसत होते. चिंगी रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्याजवळ बसे. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. शेवटी एका रविवारी ते उठले, शर्ट बदलला आणि म्हणाले, "चल."

"कुठे?"

"लंबूकडे. मी दोनदा जाऊन आलो. आता तू यायला पाहिजेस."

आई म्हणाली, "अहो, तिला कशाला? पोर आधीच अर्धी झालीय."

"म्हणूनच," बाबा म्हणाले आणि चपला घालून जिना उतरू लागले.

लंबूचं घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत एक पलंग होता. पायथ्याशी त्याला एक फळी ठोकून तो लांब केलेला होता, आणि फळीवर बसेल एवढी एक वेगळी छोटी गादी शिवून घातली होती. आतल्या खोलीच्या दाराच्या वरच्या चौकटीला जुन्या चादरीची घडी खिळ्यांनी बसवलेली होती, डोकं आपटू नये म्हणून. चिंगीला कुठे बघावं ते कळेना. त्या घरात जिकडे बघावं तिकडे त्याची उंची होती.

लंबूच्या बायकोने पाणी आणून दिलं. ती सावकाश हालचाल करत होती, जशी सगळं घर झोपलेलं असताना माणूस करतो. बाबा म्हणाले, "वहिनी, ही माझी मुलगी."

तिने चिंगीकडे नीट पाहिलं. "तुम्हीच का त्या?"

चिंगीने मान हलवली.

"हे म्हणायचे तुमच्याबद्दल," ती म्हणाली. "मी सुरुवातीला फार भांडायची हो यांच्याशी. दुसरं काही काम बघा म्हणायची, बिनहवेचं काम नको. तर म्हणायचे, तू उगाच जीव टांगणीला लावतेस. आता मुकादमांची लेक वरून बघत असते. आमच्यापेक्षा तिलाच आधी कळतं. मग मी पण झोपायला लागले नीट."

बाबांनी मान खाली घातली. चिंगीच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. चौकशीत तिला कितीतरी प्रश्न विचारले होते, तिने सगळ्यांची उत्तरं दिली होती, आणि त्यातलं एकही वाक्य इथे कामाचं नव्हतं.

"वहिनी," ती म्हणाली, "त्या दिवशी कुणी बघत नव्हतं. बघणारं सकाळीच बंद पडलं होतं."

"हां, मला सांगितलं साहेबांनी. पेटी खराब झाली म्हणाले."

"पेटी झालीच खराब. पण एक पेटी खराब झाली म्हणून सगळंच आंधळं व्हायला नको होतं. ते झालं ते माझ्या प्रोग्राममुळे."

लंबूची बायको फळीवरच्या छोट्या गादीची शिवण बोटाने चाचपत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी तिला समजून घ्यायचं होतं आणि आजवर ते तिला कुणी समजावून दिलेलं नव्हतं.

"बंद पडलं, ते मी समजले," ती म्हणाली. "बंद सगळंच पडतं. घरातला दिवा पण बंद पडतो. पण दिवा बंद पडला की अंधार होतो ना, ताई? मग कळतं आपल्याला. हे बंद पडलं होतं, तर हिरवं का दिसत होतं?"

बाबांनी मान वर केली. साहेबांनी, वरिष्ठांनी, चौकशीच्या लोकांनी, कुणीही हे विचारलं नव्हतं. सगळे फाइलीबद्दल आणि पाण्याबद्दल विचारत होते.

"हिरवं पुसायचं राहून गेलं," चिंगी म्हणाली.

"कुणाकडून?"

"माझ्याकडून. चौकोन विझले की माणसं घाबरतील, असं मला वाटलं होतं."

लंबूची बायको तिच्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "घाबरू द्यायचं होतं हो. घाबरून घरी आले असते."